फाटक्या कडेचा स्पीकर

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे त्याचा कोणता भाग बिघडला हें पाहण्यापूर्वींच तें ठेवावें कीं टाकावें याचा निकाल लावण्याची घाई हल्लीं सर्वत्र दिसते. गाणें ऐकण्याच्या स्पीकरच्या बाबतींत ही घाई विशेष नुकसानीची होते. कारण स्पीकर हें असें यंत्र आहे कीं, त्याचा जो भाग बहुधा सर्वांत आधीं मरतो तोच सर्वांत स्वस्त असतो, आणि जे भाग महाग असतात ते त्या वेळीं पूर्ण शाबूत असतात. हें विधान कोठेंही खरें ठरेल. परंतु वसईसारख्या समुद्रकांठच्या मुलखांत तें अधिकच खरें आहे, व त्याचें कारण तेथील हवेंतच सांपडतें.

वसईच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. मध्यें मिठागरें, बावखलें आणि केळीच्या व पानवेलींच्या वाड्या. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत या भागांत बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें, काडेपेटीची काडी नीट पेटत नाहीं, चामड्याच्या जोड्यांवर बुरशी चढते. हें सर्व गृहिणींना पाठ आहे. तोच दमटपणा बैठकीच्या खोलींतील स्पीकरमध्येंही शिरतो, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येते. कारण स्पीकरपुढें कापडी जाळी असते आणि तिच्यामागें काय चाललें आहे तें दिसत नाहीं.

स्पीकरची रचना मोठी साधी आहे. (‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द पुस्तकांत राहिला, घरोघर स्पीकरच म्हणतात.) अमेरिकेंत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं ज्या नमुन्याचा स्पीकर पुढें मांडला, त्याच धर्तीवर आजचे बहुतेक घरगुती स्पीकर चालतात. मुंबईचें रेडिओ-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्याच्या दोनच वर्षें आधींची ही गोष्ट. पाठीमागें एक जड मॅग्नेट असतो. त्याच्या मध्यभागीं वर्तुळाकार, अगदीं अरुंद अशी फट असते. त्या फटींत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी लोंबती ठेवलेली असते. तिला व्हॉइस कॉईल म्हणतात. ही कॉईल कागदाच्या वा प्लॅस्टिकच्या कोनाला चिकटवलेली असते. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युत्प्रवाह कॉईलमधून गेला कीं मॅग्नेटच्या ओढीनें ती मागेंपुढें हालते, तिच्याबरोबर कोन हालतो, कोन हवेला ढकलतो, आणि आपल्या कानीं स्वर पडतो.

कोनाला आधार दोन ठिकाणीं असतो. आंतल्या बाजूस चुण्या पाडलेल्या कापडाची एक चकती असते. कारागीर तिला स्पायडर म्हणतात. बाहेरच्या बाजूस, कोन आणि लोखंडी फ्रेम यांच्यामध्यें, अर्धगोल फुगवट्याची मऊ कड असते. बाजारांत तिला रिंग म्हणतात. या दोहोंचें काम एकच : कॉईल फटीच्या बरोबर मध्यावर धरून ठेवणें. कॉईलच्या दोन्ही अंगांस जी मोकळी जागा असते ती पोस्टकार्डाच्या जाडीहून फारशी अधिक नसते. तेव्हां कड एका बाजूनें सुटली तर कॉईल लोखंडाला घांसूं लागावी यांत नवल नाहीं.

जुन्या रेडिओंत ही कड कोनाच्या कागदालाच चुण्या पाडून केलेली असे. म्हणून आजोबांच्या व्हॉल्व्ह-रेडिओंतला स्पीकर साठ-सत्तर वर्षांनंतरही पुष्कळदां धड निघतो, आणि नातवाच्या हौशीनें घेतलेली मोठी म्युझिक सिस्टिम मात्र त्याच घरांत आधीं बसते. पुढें खर्जाची आवड वाढली. खर्ज नीट वाजावयाचा तर कोनाला लांबवर मागेंपुढें जातां आलें पाहिजे, आणि त्यासाठीं कड फार लवचिक हवी. म्हणून १९७० नंतरच्या कित्येक स्पीकरांना पॉलियुरेथेनच्या फोमची, म्हणजे एका पातळ स्पंजाची, कड लावण्यांत आली. ऐकण्याच्या दृष्टीनें ती उत्तम. टिकण्याच्या दृष्टीनें वाईट. या फोमच्या एका जातींत रेणूंचे जे सांधे असतात ते हवेंतील पाण्याच्या वाफेनें हळूहळू तुटत जातात. प्रथम फोम चिकट होतो, मग त्याला भेगा पडतात, आणि शेवटीं शिळ्या भाकरीच्या चुऱ्याप्रमाणें तो बोटाला लागून गळूं लागतो. स्पीकर रोज वाजवला काय किंवा खोक्यांत बांधून ठेवला काय, ही क्रिया थांबत नाहीं. कोरड्या हवेंत ती सावकाश चालते, दमट हवेंत लौकर. साधारणपणें दहा ते वीस वर्षांत अशी कड संपते. खाडीकांठच्या घरांत दहाच्या बाजूचा आंकडा धरणें अधिक शहाणपणाचें.

आतां नुकसान कसें होतें तें पाहण्यासारखें आहे. सणाच्या दिवशीं, गणपतींत म्हणा कीं नाताळांत म्हणा, बऱ्याच दिवसांनीं यंत्र काढलें जातें. लग्नांत भरून घेतलेली एखादी कॅसेट लावली जाते. त्यांत आजीच्या पिढीच्या बायकांचे आवाज असतात, जे दुसरीकडे कोठेंही नाहींत. गाण्याबरोबर घरघर ऐकूं येते. कॅसेट जुनी झाली असें समजून आवाज वाढवला जातो. घरघर वाढते. कॉईल लोखंडाला घांसत असते. तारेवरचें वार्निश खरवडून निघतें, वेढ्याला वेढा लागतो, आणि एक दिवस जळका वास येऊन सर्व शांत होतें. ज्या दिवशीं घरघर प्रथम ऐकूं आली त्या दिवशीं दुरुस्ती कडेची होती. महिनाभर तसेंच वाजवलें म्हणजे ती कॉईलची होते, आणि कॉईल बदलण्याचें काम घरीं सहसा साधत नाहीं. म्हणून घरघर ऐकतांच यंत्र बंद करून जाळी काढावी व आंत पाहावें, एवढी एकच सूचना ज्यानें पाळली त्याचा निम्मा खर्च वांचला. पखवाजाची पुडी फाटली म्हणून कोणी त्याचें खोड चुलींत घालीत नाहीं. स्पीकरचा मॅग्नेट, फ्रेम, कोन आणि कॉईल हें त्याचें खोड आहे.

दोष कोठें आहे हें ठरवण्यास फारशी हत्यारें लागत नाहींत. दोन स्पीकरांपैकीं एकच बिघडला असेल तर प्रथम ॲम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या तारा एकमेकींच्या जागीं लावाव्या आणि मग पुन्हां सुरू करावें. दोष तारेबरोबर दुसऱ्या स्पीकरांत गेला तर अपराधी ॲम्प्लिफायर किंवा त्याच्या मागचें यंत्र होय, आणि स्पीकर उघडण्याचें कारणच उरत नाहीं. दोष त्याच पेटींत राहिला तर पुढची परीक्षा करावी. दोन्ही अंगठे कोनाच्या मध्याच्या दोन बाजूंस सारख्या अंतरावर ठेवून तो अगदीं हलक्या दाबानें आंत ढकलावा. तो निःशब्द आंत जाऊन आपोआप बाहेर आला तर कॉईल मोकळी आहे. खरखर जाणवली, आणि कड फाटलेली दिसली, तर ती खरखर कडेमुळेंच असण्याचा संभव मोठा. कड शाबूत असून खरखर येत असेल तर मात्र प्रकरण गंभीर समजावें : कॉईलची नळी वांकली आहे, किंवा फटींत गंज वा लोखंडाचा कीस शिरला आहे.

कॉईल जिवंत आहे कीं नाहीं हें दीड व्होल्टच्या साध्या सेलनें कळतें. पेटीच्या दोन खुंट्यांना सेलच्या दोन तारा क्षणभर टेंकवाव्या. मोठ्या स्पीकरमधून ‘थप्’ असा आवाज येऊन कोन किंचित् हालला तर कॉईल अखंड आहे. मल्टीमीटर असेल तर अधिक चांगलें. ज्यावर ८ ओहम लिहिलें आहे तो स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. यांत बिघाड नाहीं, कारण लिहिलेला आंकडा वाजत असतांनाचा असतो. मीटर कांहींच दाखवीत नसेल तरी लगेच निराश होऊं नये. फ्रेमवरील खुंटीपासून कोनापर्यंत विणलेल्या तारेची जी मऊ दोरी जाते ती वर्षानुवर्षें हालून कोनाजवळ तुटते, व बाहेरून तुटलेली दिसतही नाहीं. ती सांधण्यास तशीच विणलेली तार घेऊन सोल्डर करावी. साधी तांब्याची तार लावण्याचा मोह आवरावा. ती ताठ असते, कोनाला ओढते आणि थोड्याच दिवसांत पुन्हां तुटते.

एक सावधगिरी येथेंच सांगितली पाहिजे. होम-थिएटरच्या मोठ्या पेटींत पुष्कळदां ॲम्प्लिफायरही असतो व तिला घरची २३० व्होल्टची वीज थेट जाते. अशा पेटीचा प्लग काढून ती कांहीं वेळ तशीच ठेवावी, स्पीकर सोडवावा, आणि आंतल्या सर्किटला हात लावूं नये. प्लग काढल्यावरही त्यांतील कपॅसिटरांत वीज राहूं शकते.

कड बदलण्याचें काम धीराचें आहे, कठीण नाहीं. स्क्रू सोडवितांना पेंचकस दोन्ही हातांनीं आवरून धरावा. मॅग्नेट पोलादाला ओढतो, हात सटकतो, आणि चांगल्या कोनाला भोंक पडतें. या कामांतील निम्मे अपघात याच एका कारणानें होतात. तारा काढण्यापूर्वीं कोणत्या रंगाची कोठें होती याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. जुनी रिंग कोनाच्या वरून चिकटवली होती कीं खालून, तेंही टिपून ठेवावें. मग फ्रेमवरील पुठ्ठ्याची वा रबराची पट्टी सुरीच्या पात्यानें सावकाश उचलावी, कारण ती पुन्हां लावावयाची असते. फोमचा चिकट राहिलेला भाग बोथट पात्यानें खरवडून, उरलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें किंचित् भिजवलेल्या फडक्यानें पुसावा. कागदी कोनावर फडकें घांसूं नये. कागदावर थोडा डाग राहिला तरी चालतो, कागद सोलला तर चालत नाहीं.

नवी रिंग आणण्यास जातांना केवळ ‘आठ इंची’ एवढें सांगून भागत नाहीं. आठ इंची म्हणवणाऱ्या दोन स्पीकरांचे कोन निरनिराळ्या मापांचे असतात. स्पीकरवर पातळ कागद ठेवून कोनाची कड, फुगवट्याच्या दोन्ही रेषा आणि फ्रेमची बाहेरची कड अशीं चार वर्तुळें आंखून घ्यावीं व तो कागदच दुकानांत न्यावा. मुंबईस ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड, म्हणजे आतांचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा अशा सुट्या मालाचा जुना बाजार आहे. रिंगा दोन्ही स्पीकरांसाठीं आणाव्या. दोन्ही फोम एकाच वयाचे असतात. एकाचा गेला तर दुसऱ्याचा जाण्यास फार वेळ लागत नाहीं.

फोमची घ्यावी कीं रबराची, हा प्रश्न दुकानांत हटकून निघतो. रबर दमट हवेला पुष्कळच अधिक दाद देत नाहीं. म्हणून वसईस रबरच घ्यावें असें म्हणण्याकडे कल होतो. परंतु रबर जड असतें, आणि ज्याचा हलका कोन फोमसाठीं बनवला आहे अशा स्पीकरला तें लावलें तर आवाज दबतो व खर्जाचा स्वभाव बदलतो. मोठ्या, जड कोनाच्या वूफरला मऊ रबर बरोबर मापाचें मिळत असेल तर तें घ्यावें. लहान व हलक्या स्पीकरला फोमच लावून पुढील दहा-बारा वर्षांनीं पुन्हां हें काम करण्याची तयारी ठेवावी, हें बरें.

गोंदाविषयींही असाच विचार आहे. रबरी सोल्यूशन झटकन धरतें, पण झटकन धरतें हाच नवशिक्याला त्याचा दोष. रिंग एकदां वांकडी बसली म्हणजे हालवतां येत नाहीं. कागदी कोनाला फेविकॉलसारखा पांढरा गोंद पातळ हातानें लावावा. तो सरकवण्यास अवसर देतो. प्लॅस्टिकच्या कोनावर मात्र हा गोंद टिकत नाहीं, तेथें रबरी जातीचाच लागतो, आणि तो आधीं जुन्या फोमच्या किंवा कोनाच्या कोपऱ्यावर थेंबभर लावून पाहावा, कारण कांहीं सोल्यूशनें फोमला विरघळवितात. कणकेची खळ कोणीं सुचविली तर ऐकूं नये. कागद चिकटतो खरा, परंतु पावसाळ्यांत तिला बुरशी येते आणि झुरळें उरलेलें काम पुरें करतात.

सर्वांत नाजूक भाग कॉईल मध्यावर धरण्याचा. कोनाच्या मधोमध जी लहान टोपी असते ती तीक्ष्ण पात्यानें कडेनें कापून उचलावी. खालीं कॉईलची नळी व तिच्या आंत लोखंडी खांब दिसतो. जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार अरुंद पट्ट्या कापून त्या नळी व खांब यांच्यामध्यें चारी दिशांस उभ्या सरकवाव्या. फिल्म घरांत कोठेंतरी असतेच, व तिची जाडी या कामाला बहुधा बरोबर बसते. पट्ट्या सहज जाऊं नयेत आणि जोर करावा लागूं नये, अशी ती जाडी असावी. जोर लागत असेल तर अधिक पातळ फिल्म शोधावी. आतां कॉईल हालूं शकत नाहीं. प्रथम रिंगेची आंतली कड कोनाला चिकटवून पूर्ण वाळूं द्यावी. त्यानंतर बाहेरची कड फ्रेमला लावावी व कपडे वाळत घालण्याचे चिमटे सभोंवार लावून ती दाबून ठेवावी. उन्हाळ्यांत एक दिवस पुरे; पावसाळ्यांत दोन दिवस वाट पाहावी, कारण बोटाला कोरडा लागणारा गोंद आंत ओला असतो. पट्ट्या काढल्यावर अंगठ्यांची मघांची परीक्षा पुन्हां करावी. खरखर नसेल तरच टोपी चिकटवावी. असेल तर बाहेरची कड ओल्या फडक्यानें मऊ करून, सोडवून, पुन्हां बसवावी. पांढऱ्या गोंदाचा हा दुसरा फायदा.

कोनाला लहानशी चीर पडली असेल तर ती याहून सोपी गोष्ट आहे. पतंगाच्या पातळ कागदाचा तुकडा चिरेहून थोडा मोठा फाडून घ्यावा; कातरीनें कापूं नये, फाटलेल्या कडेचे तंतू कोनांत अधिक चांगले मिसळतात. पाणी घालून पातळ केलेल्या गोंदानें तो पुढून व मागून लावावा. चिकटपट्टी लावण्याची चाल सर्वत्र आहे आणि ती वाईट आहे. वाळल्यावर ती सुटते व नव्यानेंच थरथरूं लागते. टोपी लहान मुलाच्या बोटानें आंत दबली असेल तर ती दुरुस्त न केली तरी आवाजांत सहसा मोठा फरक पडत नाहीं. ट्वीटरची, म्हणजे बारीक स्वरांच्या लहान स्पीकरची, तार मात्र केंसासारखी असते. तो गेला तर त्याच मापाचा व त्याच ओहमचा नवा घालावा. तो जाण्याचें कारण बहुधा एकच असतें : घरगुती यंत्राकडून मांडवाचें काम घेणें. लहान ॲम्प्लिफायर शेवटच्या टोंकापर्यंत पिळला म्हणजे स्वराची शेंडी छाटली जाते आणि त्या छाटणीचा सारा ताप ट्वीटरवर येतो.

२०१८ च्या जुलैंत वसईच्या कित्येक भागांत घरांत पाणी शिरलें, मिठागरांतील वस्ती पाण्यानें वेढली गेली व वीजही बंद पडली. अशा पुरांत जमिनीवर ठेवलेल्या पेट्या प्रथम बुडतात. भिजलेला स्पीकर ‘चालतो का पाहूं’ म्हणून लावून पाहणें हा त्याचा अंत करण्याचा खात्रीचा मार्ग होय. ओला कागद भाकरीच्या पिठासारखा मऊ असतो. त्याला हालविलें कीं तो आकार सोडतो. स्पीकर पेटींतून काढून, कोन वर करून, सावलींत वाऱ्यावर आठ दिवस ठेवावा. कडक उन्हांत कोन वांकतो. स्वच्छ पावसाच्या पाण्यानें भिजलेला बहुधा वांचतो. गढूळ पाणी फटींत शिरून गाळ बसला असेल तर तो घरीं निघत नाहीं. आणि भुशाच्या दाबलेल्या लांकडाची पेटी एकदां फुगली म्हणजे तिचा नाद सोडावा. आंतले स्पीकर चांगले असतील तर नवी पेटी सुतार करून देतो.

कोणत्या ठिकाणीं थांबावें हेंही या कामांत कळलें पाहिजे. जळकी कॉईल, फटींतला गंज, आणि चिनी मातीसारख्या ठिसूळ मॅग्नेटचा पडून झालेला तुकडा, या तीन गोष्टी कारागिराच्या आहेत. लहान, स्वस्त स्पीकर असेल तर त्या तिन्हींत नवा घेणेंच परवडतें. मोठा, चांगल्या फ्रेमचा असेल तर कारागिराला विचारल्यावांचून भंगारांत देऊं नये.

सर्व जुळवून झाल्यावर एक गोष्ट बहुतेक विसरतात. सेलचें धन टोंक लाल खुंटीला लावलें असतां दोन्ही पेट्यांतील मोठे कोन एकाच दिशेस हालले पाहिजेत. एक बाहेर व एक आंत जात असेल तर एकीच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत; दोन्ही वाजतात, पण एक जी हवा ढकलतो ती दुसरा ओढून घेतो, आणि सारी मेहनत करूनही खर्ज कोठें गेला याचा उलगडा होत नाहीं. मग पेटी जमिनीपासून दोन विटा उंच, ओलीच्या भिंतीपासून हातभर पुढें आणि उन्हाच्या तिरिपेबाहेर ठेवावी. मागचें झांकण लावण्यापूर्वीं आंतल्या लांकडावर पेन्सिलीनें रिंगेचें माप, गोंदाची जात आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवावी. दहा-बारा पावसाळ्यांनंतर ती पेटी जो कोणी उघडील त्याला तें लागणार आहे.